उंटवाडीचे प्रकरण

निफाडचा पारा एक अंकी आकड्यावर उतरल्याची वार्ता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागली, गोदाकाठच्या धुक्यातून फिरायला जाणारी पेन्शनर मंडळी कानटोप्यांच्या आडून परस्परांना ओळखण्याची खटपट करू लागली आणि नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर दूरदेशीच्या बदकांचे थवे उतरू लागले, म्हणजे आमच्या नाशिक शहरात आणखी एका स्थलांतरित जमातीचे आगमन होते. ती जमात म्हणजे परदेशस्थ कुटुंब. पक्ष्यांची मोजदाद वनखाते इमानेइतबारे करते. या दुसऱ्या थव्याची दप्तरी नोंद मात्र कोणतेही खाते ठेवीत नाही. ज्याची सारी उमेद महसूल खात्यात आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात खर्ची पडली, त्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनास ही उणीव सहन होणे अशक्य असल्यामुळे, वरिष्ठांचा हुकूम नसतानाही, प्रस्तुत अहवाल मी स्वखुशीने आणि अक्कलहुशारीने सादर करीत आहे.

हा प्राणी ओळखण्यास फारसे सायास पडत नाहीत. ज्या थंडीत आम्ही सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर मफलर असा चौपदरी बंदोबस्त करून दुधाची पिशवी आणायला बाहेर पडतो, त्या थंडीत जो अर्ध्या चड्डीवर, हातात पाण्याची बाटली घेऊन, कागदोपत्री पदपथ असलेल्या परंतु प्रत्यक्षात दुचाक्यांच्या वहिवाटीत गेलेल्या जागेवरून सरळ रेषेत चालण्याचा यत्न करतो. जो रिक्षावाल्याला बसतानाही ‘थँक्यू’ म्हणतो आणि उतरतानाही म्हणतो. जो रांगेत पुढच्या इसमापासून दोन हात अंतर राखून उभा राहतो आणि त्या अंतरात आणखी तीन इसम येऊन स्थिरावले म्हणजे त्यांना काही न बोलता आकाशाकडे पाहून सुस्कारा सोडतो. तो परदेशस्थ, असे खुशाल समजावे. त्याची कुटुंबीय स्त्री त्या वेळी मुलांच्या दंडांना डास पळविणारे मलम चोळीत असते. मुलांची गोष्ट मात्र निराळी. आपण परदेशस्थ आहोत, ही गोष्ट त्या बिचाऱ्यांना इथे येईपर्यंत ठाऊकच नसते.

परंतु ही झाली बाह्य लक्षणे. परदेशस्थाचे अंतरंग कळण्यास महसुली अनुभवच पाहिजे. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा एकदा ठरला म्हणजे तीस वर्षे त्यात फेरबदल होत नसे. मधल्या काळात विहिरीला पाणी लागो, बांधाजवळून आगगाडी जावो, कागदावरचा आकार आहे तोच राहावयाचा. परदेशस्थ मनुष्य ज्या दिवशी विमानात पाऊल ठेवतो, त्या दिवशी तो आपल्या गावाची अशीच एक जमाबंदी मनातल्या मनात उरकून टाकतो. आमचा पुतण्या २००३ साली गेला. तेव्हापासून रिक्षाचे भाडे, मिसळीचा दर, गंगापूर रोडवरची रहदारी आणि शेजारच्या काकूंचे वय या सर्वांचा आकार त्याच्या दप्तरी २००३ सालचाच कायम आहे. समोरच्या बंगल्यातल्या वृद्ध गृहस्थांच्या निधनाची वार्ता त्याला आजवर चार वेळा सांगावी लागली आणि चारही वेळा त्याला तितकाच धक्का बसला; कारण त्यांचे नाव त्याच्या उताऱ्यावरून कमी करण्याचा फेरफार अद्याप मंजूर झालेला नव्हता.

हा पुतण्या न्यू जर्सी संस्थानातील एडिसन या गावी राहतो. १९५४ साली या गावाने आपले जुने नाव टाकून देऊन विजेच्या दिव्याच्या एडिसनचे नाव धारण केले, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीतली. आता त्या मेन्लो पार्काच्या नावाचा एक मॉल तिथे आहे आणि जवळच्या ओक ट्री रोडवर साड्यांपासून पाणीपुरीपर्यंत सर्व चीजवस्तू मिळतात, असे पुतण्याच सांगतो. म्हणजे ज्या गावाहून हे कुटुंब भारत पाहायला येते, तिथे निम्मा भारत अगोदरच जाऊन बसलेला आहे. कुटुंबात पुतण्या, सूनबाई, अकरा वर्षांचा चिरंजीव आणि सहा वर्षांची कन्या अशी चार माणसे, आणि त्यांच्या मागे आठ मोठ्या बॅगा. ‘काका, या खेपेला मुलांना खरा इंडिया दाखवायचा,’ असे पुतण्याने पहिल्याच दिवशी जाहीर केले आणि काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंड, पांडवलेणी, तिवंध्याजवळचा आमचा जुना वाडा असा भरगच्च कार्यक्रम भ्रमणध्वनीतल्या तक्त्यात तासांच्या हिशेबाने मांडला.

पहिल्या दिवशी मुलांची झोप उलटी पडली म्हणून कार्यक्रम तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचे पोट बिघडले. तिसऱ्या दिवशी द्वारका चौकातली रहदारी दुरून पाहूनच मोहीम परत फिरली. चौथ्या दिवशी सकाळी पुतण्या कपातल्या चहाकडे पाहत, अपराध्याने कबुलीजबाब द्यावा तशा स्वरात म्हणाला, ‘काका, आज आपण मॉलला जाऊ या का? मुलांना जरा बरं वाटेल.’ मी म्हणालो, ‘अरे, पण पांडवलेणी?’ त्यावर सूनबाईंनी जो युक्तिवाद केला तो कोणत्याही न्यायासनापुढे टिकला असता. त्या म्हणाल्या, ‘अहो काका, लेण्यांना दोन हजार वर्षं झाली, त्या कुठे जात नाहीत. मॉलची सवलत मात्र रविवारी संपते आहे.’

वास्तविक मॉल या संस्थेशी माझा संबंध बेताचाच. आमच्या शहरातला मोठा मॉल उंटवाडीत आहे आणि त्याचे नाव सिटी सेंटर. मी ज्या पिढीचा, त्या पिढीच्या हिशेबी नाशिकचे केंद्र म्हणजे रविवार कारंजा. तिथून मेन रोडला लागावे, भांडी बाजारात पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकावा, सराफ बाजारातून नुसतेच जाऊन यावे, याला आम्ही बाजारात जाणे म्हणत असू. आणि उंटवाडी ही त्या काळी गावाबाहेरची बाब होती. गावाचे केंद्र असे परस्पर गावाबाहेर बदलून जावे आणि हरकतीची नोटीसही निघू नये, याचे मला अद्याप वैषम्य वाटते. परंतु ते वैषम्य मी बोलून दाखविण्यापूर्वीच धाकटीने प्रश्न केला, ‘आजोबा, उंटवाडी म्हणजे काय?’ मी सांगितले, उंटांची वाडी. तिचे डोळे विस्फारले. ‘तिकडे उंट राहते?’ असे तिने विचारले. तिच्या मराठीत सर्व प्राणी नपुंसकलिंगी आहेत. खरे उत्तर ‘मला ठाऊक नाही’ हे होते. परंतु आजोबापणाच्या भरात माझ्या तोंडून ‘असतील की’ हे दोन शब्द निघून गेले. हयातीत अनेकांचे जाबजबाब लिहून घेणाऱ्या माणसाने स्वतःचा जबाब किती तोलून द्यावा, याचा धडा मला त्या दिवशी मिळावयाचा होता.

आमच्या पंडित कॉलनीतून उंटवाडीला जाण्याचा रस्ता पुतण्याला बालपणापासून पाठ आहे. तथापि तो भ्रमणध्वनीतल्या नकाशाला विचारल्यावाचून फाटकाबाहेर गाडी काढीत नाही. नकाशातल्या बाईने शरणपूर रोडला लागल्यावर आपल्या परदेशी स्वरात फर्मान सोडले की, पुढे कॅनडा कॉर्नर येत आहे. त्याबरोबर मागच्या आसनावर पेंगत असलेले चिरंजीव ताठ बसले. ‘डॅड, कॅनडा? पासपोर्ट घेतलेत?’ त्याच्या भूगोलाप्रमाणे प्रश्न बिनतोड होता. ही मंडळी एकदा मोटारीने नायगारा पाहायला गेली असता पुतण्या पासपोर्ट घरी विसरला होता आणि पलीकडचा काठ त्यांना दुरूनच पाहावा लागला होता. मी त्याला समजावले की, बाळा, या कॅनडाला परवाना लागत नाही. मात्र तुझे वडील ज्या पासपोर्टावर अमेरिकेत गेले, ती पुस्तिका आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, आणि तो छापखाना १९२५ सालापासून तिथे आहे. देश सोडून जाणाऱ्या साऱ्या माणसांच्या जाण्याचे कागद आमच्या गावाने छापावेत, आणि आमच्या गावाची मुले त्याच कागदांवर निघून जावीत, या योगायोगावर मी आणखी दोन वाक्ये बोललो असतो. परंतु तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्या सर्व वाहनांनी एकाच वेळी आपली मते व्यक्त केली.

मॉलच्या दाराशी झडतीची चौकट होती. तिथे जो प्रसंग घडला तो मी समक्ष पाहिलेला असल्यामुळे त्याचा पंचनामा सविस्तर देतो. चौकट, तिच्यातून जाणारी माणसांची रांग, शेजारी पेट्या तपासणारे यंत्र आणि गणवेषातील रक्षक, एवढे दृश्य पाहताच चिरंजीवांनी विमानतळावर पूर्वी वडिलांना करताना पाहिलेल्या शिरस्त्याप्रमाणे खाली बसून प्रथम उजवा आणि मग डावा बूट काढला, कमरेचा पट्टा सोडला आणि दोन्ही हात वर करून ते निमूटपणे चौकटीपुढे उभे राहिले. रक्षक गोंधळला. परंतु रांगेत आमच्या मागे दिंडोरीकडचे एक कुटुंब होते. त्यातल्या नऊवारीतल्या आजीबाईंनी पुढच्या मुलाने पादत्राणे काढलेली पाहिली आणि क्षणाचाही विलंब न लावता आपल्या वहाणा काढून भिंतीला लावल्या, पदर डोक्यावर घेतला आणि नातवाला विचारले, ‘हितं कोणता देव हाये रं?’ त्यांच्या मागच्या दोघा इसमांचेही हात बुटांच्या नाड्यांकडे गेलेले मी पाहिले. शेवटी रक्षकानेच हात जोडले आणि पुतण्याला म्हणाला, ‘काका, मुलाला बूट घालायला सांगा.’ पुतण्याने मुलाला बूट घालायला सांगितले खरे; पण ‘काका’ या संबोधनाने तो जो खचला, तो पहिल्या मजल्यापर्यंत सावरला नाही. त्याच्या जमाबंदीत तो अद्याप चोवीस वर्षांचा होता.

आत नाताळची आरास होती. मधल्या चौकात तीन मजली उंच हिरवे झाड, त्याला लाल चेंडू, आणि खाली भोवताली कापसाचे बर्फ पसरलेले. त्या बर्फावर उभे राहून छबी काढून घेण्यासाठी नाशिककरांची एवढी झुंबड उडाली होती, की सिंहस्थातल्या रामकुंडाची आठवण व्हावी. पुतण्याने मुलांना पुढे ढकलून म्हटले, ‘चला, स्नोमध्ये उभे राहा.’ चिरंजीव हलेनात. त्यांनी मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात पृच्छा केली, ‘आजोबा, हे लोक स्नोबरोबर फोटो का काढतात? आमच्याकडे तो फावड्याने काढावा लागतो.’ बारा-तेरा हजार किलोमीटर उडून, कामावरची रजा खर्ची घालून, मुलाला भारत दाखवायला आणलेल्या बापाने त्याला कापसाच्या अमेरिकेत उभे केले होते, आणि ही विसंगती दाखवून देणारा त्या सबंध जमावात तो एकटाच होता.

यानंतर खरेदी. परदेशस्थाच्या खरेदीचे हिशेब दुहेरी खतावणीने चालतात. दुकानात वस्तूचा भाव एक हजार नऊशे नव्याण्णव दिसला, की तो मनातल्या मनात पंच्याऐंशीने भागतो आणि ‘चोवीस डॉलर? म्हणजे फुकटच!’ असे उद्गारून तीन नग घेतो. आणि दुकानाबाहेर रिक्षावाल्याने दीडशे रुपये मागितले, की त्याला भागाकाराचे विस्मरण होते आणि २००३ सालचा दरतक्ता आठवतो. एकाच इसमाकडून एकाच तासात एकच रुपया कधी कवडीमोल आणि कधी मोहरेच्या तोलाचा ठरावा, हे नाणेशास्त्र नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यालाही उकलणार नाही. सूनबाईंचे खाते त्याहून काटेकोर होते. त्यांच्याजवळ तिकडच्या मैत्रिणींची यादी होती, मापांसह. आणि प्रत्येक कुर्ता हातात घेतला की त्या आधी रंग पाहात नसत, किंमतही पाहात नसत, तर तळहातावर तोलून वजन पाहात. विमानाच्या बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा आहे. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा आणि आमच्या घरचा दोन किलो मुरांबा यांची जागा आधीच राखीव झालेली असल्यामुळे सौंदर्याचा निकाल ग्रॅमवर लागत होता.

या सर्व व्यवहारात धाकटीचे एकटीचे लक्ष नव्हते. ती दर दुकानाच्या दारात थबके, आत डोकावे आणि माझा हात ओढून विचारी, ‘आजोबा, उंट?’ खेळण्यांच्या दुकानातल्या मुलीने तिला लबाडीने जिराफ दाखविला. तो तिने मान हलवून नामंजूर केला. अखेर तिने सरळ एका रक्षकालाच गाठले. तो पन्नाशीचा, मिशाळ आणि बहुधा नातवंडे असलेला गृहस्थ असावा. कारण त्याने हसू दाबून, टोपी सारखी करून, अत्यंत गंभीरपणे उत्तर दिले, ‘वर सोडत नाहीत त्यांना, बेबी. खाली तळघरात बघा, गाड्या लावतात तिथं.’ सरकारी नोकरीत असतो, तर अशी बेजबाबदार माहिती देणाऱ्याचा मी खुलासा मागविला असता. परंतु मूळ बेजबाबदार विधान माझेच होते, म्हणून मी मुकाट्याने तिचा हात धरला आणि स्थळपाहणीसाठी निघालो.

तळघराकडे जाण्यासाठी सरकत्या जिन्याने खाली उतरणे भाग होते. इथे मला कबूल केले पाहिजे की, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी माझा उजवा पाय पुढे होतो आणि डावा हरकत घेतो. तिथेच दिंडोरीच्या त्या आजीबाई, वहाणा हातात धरून, माझ्याच सारख्या अवस्थेत उभ्या होत्या. नातू खाली पोहोचून ‘ये गं आजी’ म्हणून ओरडत होता. धाकटीने क्षणभर आम्हा दोघांकडे पाहिले. मग एका हाताने माझे बोट आणि दुसऱ्या हाताने आजीबाईंचे बोट पकडून, शाळेत रस्ता ओलांडायला शिकवितात त्या स्वरात ‘वन, टू, अँड स्टेप’ असा हुकूम दिला. आम्ही दोघांनी पाऊल टाकले. जिना आम्हाला घेऊन उतरू लागला. आजीबाई मधल्या पायरीवर मला म्हणाल्या, ‘पोर गुणाची हाये. तुमची का?’ मी ‘होय’ म्हणालो. जन्मदाखला न्यू जर्सीचा आहे, हा तपशील तिथे देण्याचे प्रयोजन नव्हते. तळघरात आम्ही दोघांनी खांबामागे, मोटारींच्या आडोशाला, चारचाकींच्या आणि दुचाकींच्या अशा दोन्ही विभागांत रीतसर तपास केला. निष्पत्ती: उंट आढळून आला नाही. धाकटीने निष्कर्ष काढला, ‘ते आज सुट्टीवर आहे.’

वर येऊन पाहतो तो मंडळी उपाहाराच्या मजल्यावर मक्याचे दाणे आणि कॉफी घेऊन बसली होती. चिरंजीव आता रंगात आले होते, कारण मॉल हा त्यांच्या शाळेतल्या एका प्रकल्पाचा विषय होता. त्यांनी अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या मराठीत मला जी हकीकत सांगितली, ती रात्री मी ताडून पाहिली आणि ती खरी निघाली. व्हिक्टर ग्रुएन नावाचा एक वास्तुविशारद १९०३ साली व्हिएन्नात जन्मला, आणि हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ साली जीव वाचवून अमेरिकेत आला. अमेरिकेत सर्वत्र मोटारी. पायी हिंडावे, ओळखीचे कोणी भेटावे, कॉफी घेत घटकाभर बसावे, असा व्हिएन्नासारखा चौक कुठे दिसेना. तेव्हा १९५६ साली मिनेसोटातल्या इडायना गावी त्याने एक बाजार बांधला, त्यावर छप्पर घातले, मधोमध चौक ठेवला, झाडे लावली आणि बाहेर हाडे गोठविणारा हिवाळा असो की उन्हाळा, आतली हवा बारमास सारखी राहील अशी तजवीज केली. साउथडेल नावाचा तो बाजार म्हणजे आजच्या बंदिस्त मॉलांचा मूळ पुरुष. पुढे त्या चौकाभोवतीची त्याच्या मनातली गावे काही उभी राहिली नाहीत, नुसत्या मोटारी उभ्या करण्याच्या जागाच वाढल्या. ग्रुएन या प्रकाराला विटला आणि उतारवयात व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली त्याच्या त्या लाडक्या शहराच्या वेशीबाहेरही एक भला थोरला मॉल येऊन बसला.

मी थक्क झालो. म्हणजे ज्या वास्तूला मी अमेरिकेची बेबंद उधळपट्टी समजत होतो, ती मुळात एका परागंदा माणसाने आपल्या गावाच्या आठवणीवर घातलेले छप्पर होती! तिवंध्याच्या बोळातून उखडलेला माणूस पुन्हा पुन्हा इथेच का येतो, याचे कोडे मला उलगडले. मॉल हे परदेशस्थांचे कुलदैवतच आहे. दारात वहाणा काढणाऱ्या आजीबाईंची काही चूक नव्हती.

हे मी पुतण्याला सांगायला गेलो, तर तो तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून खालच्या चौकातली गर्दी पाहात उभा होता. तो म्हणाला, ‘काका, नव्व्याण्णव साली मी मुंबईला शिकत होतो तेव्हा तिकडे एक मोठा मॉल निघाला होता. आम्ही तिघे मित्र बघायला गेलो. दारावर म्हणाले, मोबाइल दाखवा नाहीतर क्रेडिट कार्ड. दोन्ही नसेल तर पैसे भरा. माझ्या खिशात लोकलचा पास होता आणि वीस रुपये. स्टेशनपर्यंत चालत परत आलो. तुम्हाला कधी बोललो नाही.’ मी त्याच्या खिशाकडे पाहिले. त्यात दोन भ्रमणध्वनी होते. पाकिटात कार्डे किती होती ती मी मोजली नाहीत, परंतु पाकीट चांगलेच जाड होते. तेवढ्यात तोच किंचित हसला आणि म्हणाला, ‘आज दारात काढून तयार ठेवलं होतं. कोणी काही विचारलंच नाही.’ खाली, कापसाच्या बर्फाच्या कडेला, दिंडोरीच्या आजीबाई अनवाणी फतकल मारून बसल्या होत्या आणि नातू त्यांची छबी काढीत होता. त्यांनाही कोणी काही विचारले नव्हते.

परतीच्या वाटेवर पुतण्या कधी नव्हे तो नकाशातल्या बाईला न जुमानता अशोकस्तंभावरून रविवार कारंजाकडे वळला. मेन रोडवर गाडी लावायला अर्थातच जागा मिळाली नाही. जुना वाडा मोटारीच्या खिडकीतूनच, तोही गर्दीच्या एका फटीतून, दाखवून झाला. चिरंजीव म्हणाले, ‘ओके.’ पुतण्याला त्याहून अधिक काही अपेक्षित असावे. परंतु अकरा वर्षांच्या मुलाने बापाच्या वाड्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र द्यावे, असा कोणताही नियम नाही. त्या रात्री दिवाणखान्यात आठ बॅगांचे वजन झाले. ताणकाट्याने एक बॅग चोवीस किलो दाखविली. सूनबाईंनी यादीतले दोन कुर्ते काढून ठेवले. मुरांबा मात्र काढला नाही, हे या अहवालात त्यांच्या बाजूने नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

मंडळी रवाना झाली. घरात डास पळविणाऱ्या मलमाची अर्धी नळी, परक्या खाचांचे दोन वीजजोड आणि चॉकलेटांचा एक डबा एवढी जिंदगी मागे राहिली. रविवारी सकाळी सातला, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारी रात्री साडेआठला, एडिसनहून दूरध्वनी येतो. पुतण्या हवापाणी विचारतो, सूनबाई गुडघे विचारतात, चिरंजीव ‘हाय आजोबा’ म्हणून कर्तव्यमुक्त होतात. मग धाकटी येते आणि दर खेपेस एकच प्रश्न करते, ‘आजोबा, उंट आला?’ तिच्या उंटाचे लिंग आता सुधारले आहे. मी तिला खात्यातल्या अनुभवाने उत्तर देतो, ‘तपास चालू आहे.’

पूर्वी मी सकाळी फिरायला गोदाकाठी जात असे. हल्ली उंटवाडीच्या बाजूने जातो.